नावे लिहून ठेवणाऱ्या हातासाठी

हे निर्मिका,

तुझ्यापुढे उभे राहायला भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही, दक्षिणाही लागत नाही. हे आम्हांला जोतीराव फुल्यांनी शिकवले, आणि तुला या नावाने हाक मारायलाही त्यांनीच शिकवले. म्हणून आज कुणालाही मध्ये न घालता सरळ तुझ्याशी बोलतो आहोत. मागणे मागूच, पण आधी तुझ्या एका लेकराची आठवण काढायची आहे. त्याचे नाव विल्यम स्टिल. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, एका लहानशा कचेरीत बसून त्याने आठशेच्या आसपास माणसांना गुलामीतून पार जायला मदत केली, आणि त्यांची नावे-गावे वहीत उतरवून ठेवली.

हा माणूस आमचा कोण, असे तू विचारणार नाहीस. सगळी तुझीच लेकरे. तरी नाते सांगतो. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना, ज्यांनी स्वतःचा स्वार्थ न पाहता गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. त्यांचा कित्ता माझ्या देशबांधवांनी गिरवावा, अशी इच्छा त्यांनी तिथे लिहून ठेवली. त्या अर्पणपत्रिकेत एकाही माणसाचे नाव नाही. तिच्या आदल्याच वर्षी, १८७२ मध्ये, विल्यम स्टिलने आपल्या वह्यांचे पुस्तक करून छापले होते. ती अर्पणपत्रिका ज्यांच्यासाठी होती, त्यांतले एक नाव आज आम्ही तुझ्यापुढे घेत आहोत.

त्याच्या आधी त्याच्या आईचे नाव घेतले पाहिजे. तिचे नाव सिडनी. ती मेरिलँडमध्ये गुलाम होती. तिच्या नवऱ्याने, लेविनने, राबून पैसे जमवले, स्वतःला मालकाकडून विकत घेतले आणि तो न्यू जर्सीला गेला. निर्मिका, माणसाला स्वतःचेच शरीर विकत घ्यावे लागले, हे तू पाहिलेस. सिडनी चार मुलांना घेऊन त्याच्या मागे पळाली आणि पकडली गेली. परत आणल्यावर मालक तिला रात्री कोंडून ठेवू लागला. पुन्हा पळायची वेळ आली तेव्हा तिला कळून चुकले होते की चार मुले घेऊन निभाव लागणार नाही. तिने दोन मुली घेतल्या. लेविन आणि पीटर हे दोन मुलगे, आठ-सहा वर्षांचे, झोपेत होते. त्यांचे मुके घेऊन ती अंधारात निघाली, असे सांगतात.

त्या रात्री तिने तुझ्याकडे काय मागितले असेल, ते तुलाच ठाऊक. आम्ही तिचा न्याय करणार नाही. ज्या व्यवस्थेने आईला आपल्या लेकरांत निवड करायला लावली, न्याय करायचाच तर त्या व्यवस्थेचा कर.

पुढे तिने चॅरिटी हे नाव घेतले, म्हणजे माग काढणाऱ्यांना ती सापडू नये. मालकाने मागे राहिलेल्या दोन्ही मुलांना दूर केंटकीत विकले आणि तिथून ती मुले अलाबामाला गेली. मोठा मुलगा लेविन तिकडेच चाबकाच्या माराने गेला. इकडे न्यू जर्सीच्या पाइनच्या रानात, ७ ऑक्टोबर १८२१ रोजी, विल्यम जन्मला. अठरा भावंडांत सगळ्यांत धाकटा. गुलामीच्या राज्यांत मुलाचा दर्जा आईवरून ठरत असे. त्या कायद्याने पाहिले तर मुक्त मातीत जन्मूनही हे पोर एका पळालेल्या बाईचे, म्हणजे मालकाच्या मालमत्तेतलेच होते.

निर्मिका, तू त्याला मोठी शाळा दिली नाहीस. शेतात आणि लाकूडतोडीत राबताना जे वाचता आले ते त्याने वाचले. १८४४ मध्ये तो फिलाडेल्फियाला आला. १८४७ मध्ये गुलामीविरोधी संस्थेच्या कचेरीत त्याला नोकरी लागली. झाडलोट करायची, निरोप पोचवायचे, कारकुनी करायची. पगार आठवड्याला पावणेचार डॉलर. त्याच वर्षी लेटिशियाशी त्याचे लग्न झाले. ती शिवणकाम करी. पुढे त्यांचे घर हेच पळून आलेल्यांचे मुक्कामाचे ठिकाण झाले. मध्यरात्री दारावर थाप पडली की अंगावरच्या चिंध्यांनिशी उभ्या असलेल्या माणसाला आत घ्यायचे, पाणी तापवायचे, जेवू घालायचे, कपडे द्यायचे, आणि उजाडायच्या आत पुढच्या ठिकाणी रवाना करायचे. नोंदी नवऱ्याने केल्या, पण निम्मे काम त्या बाईचे होते. तिचेही नाव तुझ्या दरबारी लागले पाहिजे.

आता ऑगस्ट १८५० मधली ती भेट आठवतो. कचेरीत पन्नाशीला टेकलेला एक काळा माणूस आला. अलाबामातून आलो, म्हणाला. तिथल्या फ्रीडमन नावाच्या ज्यू व्यापारी भावांच्या मदतीने त्याने स्वतःला पाचशे डॉलरना सोडवून घेतले होते. चाळीस वर्षांपूर्वी हरवलेल्या आईबापांना शोधत तो आला होता. शहरातल्या जुन्या काळ्या चर्चांतून चिठ्ठी वाचून दाखवावी, कुणाला तरी आठवेल, एवढीच त्याची आशा. विल्यम समोर बसून नेहमीसारखे प्रश्न विचारत होता. तुझे नाव काय? पीटर. आईबापांची नावे? लेविन आणि सिडनी.

निर्मिका, त्या क्षणी त्या कारकुनाच्या हातातली लेखणी थांबली असेल. घरात लहानपणापासून ज्या दोन भावांसाठी आई रडताना त्याने पाहिली होती, त्यांतला एक समोरच्या खुर्चीत बसला होता. विल्यमने घाई केली नाही. आणखी विचारले, पुन्हा पुन्हा ताडून पाहिले, आणि खात्री पटल्यावर सांगितले की मी तुझा धाकटा भाऊ. पीटरचा विश्वास बसेना. आयुष्यभर फसवलेला माणूस इतक्या मोठ्या सुखावर एकदम विश्वास कसा ठेवील? त्याला न्यू जर्सीला नेले. बाप आठ वर्षांपूर्वीच वारला होता. आई जिवंत होती, ऐंशीच्या घरातली.

त्या भेटीने विल्यमला एक गोष्ट कळली, आणि तीच शिकण्यासाठी आम्ही आज त्याचे नाव घेत आहोत. नाव विचारले म्हणून भाऊ सापडला. नाव विचारले नसते, तर पीटर त्या खोलीतून उठून रस्त्याला लागला असता आणि दोघे एकाच शहरात एकमेकांना परके म्हणून मेले असते. त्यानंतर विल्यमने नोंदी जिवापाड जपल्या. १८५२ मध्ये पळून आलेल्यांना मदत करणारी दक्षता समिती नव्याने उभी राहिली आणि तिच्या कामाची धुरा त्याच्याकडे आली, तेव्हापासून तर त्याची वही मिटलीच नाही.

त्या वहीत तो काय लिही? वय, अंगकाठी, वर्ण. कुठून आला, मालक कोण, मालक कसा वागला. कसा पळाला. मागे कोण राहिले: बायको, मुले, आई. जुने नाव कोणते आणि आता कोणते घेतले. पळालेला माणूस नाव बदले, आणि नाव बदलले की नातलगांना तो सापडणे अवघड होई. म्हणून विल्यम दोन्ही नावे एकाखाली एक लिही, की उद्या कुणी पीटर शोधत आला तर त्याला वाट सापडावी.

निर्मिका, माणसांच्या नोंदी मालकही ठेवत होते. किंमत किती, उंची किती, दात कसे, पाठीवर वळ कुठे. गुलाम पळाला की हीच माहिती बक्षिसाच्या रकमेसह वर्तमानपत्रात छापून येई. एकाच तऱ्हेच्या अक्षरांनी एक वही माणसाला बांधत होती आणि दुसरी सोडवत होती. लेखणी तू दोघांच्याही हाती दिलीस. ती कशासाठी चालवायची ते ज्याने त्याने ठरवले.

आणि ही वही ठेवणे हा सोपा कारभार नव्हता. पीटर भेटला त्याच १८५० साली पळपुट्या गुलामांचा कडक कायदा झाला. मदत करणाऱ्याला दंड आणि तुरुंग. उत्तरेतल्या मुक्त राज्यातही पकडणारे मोकळे फिरू लागले. त्याची वही कोणाच्या हाती पडती, तर पानापानाने माणसे पुन्हा बेडीत गेली असती. ती जाळून टाकणे शहाणपणाचे ठरले असते. विल्यमने ती जाळली नाही. पुढे धोका वाढल्यावर त्याने ते कागद लेबनन नावाच्या दफनभूमीतल्या इमारतीच्या माळ्यावर लपवले. जिवंतांची नावे मेलेल्यांच्या राखणीत सुखरूप राहिली.

त्याने लिहून ठेवलेली काही माणसे तुझ्यासमोर उभी करतो.

मार्च १८४९. रिचमंडहून एक लाकडी पेटी फिलाडेल्फियाच्या कचेरीत आली. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट आठ इंच खोल. तिच्यात हेन्री ब्राउन नावाचा माणूस होता, थोडे पाणी आणि दोन-चार बिस्किटे घेऊन बसलेला. त्याची बायको आणि मुले विकली गेली होती. सव्वीस-सत्तावीस तासांच्या प्रवासात काही वेळ पेटी उलटी पडली आणि तो डोक्यावर तोलून राहिला. झाकण ठोठावून आत सगळे ठीक ना, असे विचारले तेव्हा आतून उत्तर आले. झाकण उघडताच तो उठून उभा राहिला आणि त्याने तुझी स्तुती गायली. त्या वेळी तिथे असलेल्या मोजक्या माणसांत विल्यम होता. निर्मिका, देवळे आणि घुमट बांधून आम्ही तुला आळवतो. त्या पेटीतून निघालेली स्तुती तू आधी ऐकली असशील, अशी आमची श्रद्धा आहे.

१८ जुलै १८५५. जेन जॉन्सन आणि तिची दोन मुले. तिचा मालक अमेरिकेचा निकाराग्वातला राजदूत. फिलाडेल्फियातून जाताना त्याने तिला हॉटेलात ठेवले आणि कुणाशी बोलायचे नाही, अशी ताकीद दिली. तिने हॉटेलातल्या काळ्या नोकराकरवी निरोप पाठवला. चिठ्ठी विल्यमच्या हाती पडली. तो आणि पॅसमोर विल्यमसन हा गोरा सहकारी धक्क्यावर धावले तेव्हा बोट सुटायच्या बेतात होती. त्यांनी तिला एवढेच सांगितले की मालकाने स्वतः या राज्यात आणलेला गुलाम इथल्या कायद्याने मुक्त आहे, आणि यायचे की नाही हे तू ठरव. ती उठली. मालक आडवा आला. धक्क्यावरच्या काळ्या हमालांनी वाट करून दिली. विल्यमने मायलेकरांना गाडीत बसवून नेले. विल्यमसनला शंभर दिवस तुरुंगात काढावे लागले. विल्यमवर आणि हमालांवर खटला झाला. तिला पळवून नेली, हा मालकाचा दावा. तेव्हा पकडले जाण्याचा धोका पत्करून जेन स्वतः न्यायालयात आली आणि मी माझ्या मर्जीने गेले, असे साक्षीत सांगून गेली. विल्यम सुटला. दोन हमालांना मात्र शिक्षा झाली. निर्मिका, इतिहास त्या हमालांना फारसा विचारत नाही. त्यांची नावे जॉन बॅलर्ड आणि विल्यम कर्टिस.

आणि सेथ कॉंक्लिन. पीटर सुटला होता, पण त्याची बायको विना आणि तीन मुले अलाबामातच होती. हा गोरा माणूस त्यांना आणायला आपण होऊन १८५१ मध्ये गेला. त्याने त्यांना होडीतून वल्हवत, दिवसरात्र नदीतून इंडियानापर्यंत आणले. तिथे सगळे पकडले गेले. विना आणि मुले मालकाकडे परत गेली, आणि कॉंक्लिनचा मृतदेह बेड्यांसकट नदीत सापडला. त्यानंतर मालकाने मायलेकरांसाठी पाच हजार डॉलर मागितले. पीटर गावोगावी हिंडला, सभांतून आपली कहाणी सांगत राहिला, आणि १८५४ च्या अखेरीस पै-पैसा जमवून त्याने आपले कुटुंब सोडवले. तुझ्यासाठी मरणाऱ्यांना आम्ही हुतात्मा म्हणतो. दुसऱ्याच्या बायकामुलांसाठी मेलेला हा माणूस कोणत्या रांगेत उभा आहे, ते तू जाण.

हॅरिएट टबमन स्वतः सुटून पुन्हा पुन्हा मेरिलँडला गेली आणि आपल्या माणसांना घेऊन आली, तीही याच दारातून गेली. विल्मिंग्टनच्या थॉमस गॅरेटला न्यायालयाने जबर दंड केला, तरी तो माणसे पाठवत राहिला आणि सोबत विल्यमला चिठ्ठ्या लिहीत राहिला. भूमिगत रेल्वे म्हणत या वाटेला. तिला रूळ नव्हते, इंजिन नव्हते. एकाने दुसऱ्यावर टाकलेला विश्वास, एवढ्यावर ती चालली.

अमेरिकेत यादवी युद्ध झाले, गुलामी कायद्याने संपली, आणि माळ्यावरचे कागद खाली आले. १८७२ मध्ये त्यांचे जाड पुस्तक झाले. त्यात विल्यमने स्वतःची बढाई सांगितली नाही. पळून आलेली माणसे पुढे ठेवली: त्यांची हिकमत, त्यांचे धाडस, त्यांची पत्रे. कुणी दयाळू माणसाने बिचाऱ्यांना सोडवले, असे चित्र त्याने रंगवू दिले नाही. सुटणारा आधी स्वतः उठतो, मग मदतीचा हात त्याला पोचतो, हे त्याच्या पानापानावर आहे. आणि तो तिथेच थांबला नाही. फिलाडेल्फियाच्या ट्रामगाड्यांत काळ्या माणसांना बसू देत नसत. त्याविरुद्ध त्याने १८५९ पासून वर्तमानपत्रातून आवाज उठवला, आणि १८६७ मध्ये कायदा बदलला. कोळशाच्या धंद्यात तो सुखवस्तू झाला, तरी लोकांच्या कामातून बाजूला झाला नाही. १४ जुलै १९०२ रोजी तू त्याला नेलेस. त्याची एक वही आजही फिलाडेल्फियात जपून ठेवली आहे.

निर्मिका, आता आमच्याकडे वळतो.

आमच्या मुलखातही माणसांची खरेदी-विक्री झाली. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, नोंदी आहेत, किती घेतल्या, कुणाला दिल्या, काय मोल पडले. त्या बायकांचे गाव कोणते, मागे कोण राहिले, रात्री त्या कुणाचे नाव घेऊन रडल्या, हे लिहून ठेवणारा विल्यम स्टिल त्यांच्या वाट्याला आला नाही. आम्ही घराण्यांच्या बखरी लिहिल्या, वंशावळी जपल्या. त्यांच्यासाठी कागद खर्चला नाही. ज्यांची नावे कुणीच लिहिली नाहीत, ती तुझ्यापाशी तरी असू दे.

आणि जे आज आहेत त्यांच्यासाठी मागतो. वेठबिगारीविरुद्धचा कायदा होऊन काळ लोटला. १९७६ चा तो कायदा. तरी उचल घेतली म्हणून हंगामभर बांधले जाणारे ऊसतोड मजूर अजून आहेत. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे, दोन नावे, आणि नोंद एका हत्याराची. वीटभट्टीवर आईबापांबरोबर विटा उलथणारी पोरे आहेत, त्यांचे नाव शाळेच्या पटावर आहे आणि पोर भट्टीवर आहे. दुसऱ्या राज्यातून कामाला आलेली मुलगी एखाद्या फ्लॅटमध्ये राबते, आणि शेजाऱ्याला तिचे नाव ठाऊक नसते.

आम्हांला मोठे पराक्रम दे, असे मागत नाही. विल्यम कचेरीत बसलेला कारकून होता. झाडू मारण्यापासून त्याने सुरुवात केली. आम्हीही कचेऱ्यांत बसतो, शाळांत हजेरी घेतो, दवाखान्यांत केसपेपर लिहितो, पोलीस ठाण्यांत तक्रारी उतरवून घेतो, वर्तमानपत्रांत बातम्या लिहितो. आमच्या टेबलासमोर दिवसभर माणसे येऊन उभी राहतात. त्यांना विचारायची आम्हांला बुद्धी दे. नाव काय, कुठून आलास, मागे कोण राहिले. उत्तर ऐकायला सबुरी दे. जे ऐकले ते जसेच्या तसे लिहायचा प्रामाणिकपणा दे. आणि लिहिलेले जपायची वेळ येईल, तेव्हा भीतीपोटी ते जाळणार नाही एवढी छाती दे.

जे सुटू पाहतात त्यांना आम्ही आमच्या दयेचा विषय करू नये. जेनला विचारले तसे, यायचे का, हे आधी त्यांनाच विचारू. त्या हमालांसारखे वेळेवर वाट करून देऊ, आणि त्याची किंमत भरावी लागली तर कुरकुर न करता भरू. लेटिशियासारखी मध्यरात्री चूल पेटवणारी माणसे आमच्यात वाढव, आणि त्यांची नावे विसरू न देणारीही वाढव.

दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका माणसाने समुद्रापलीकडच्या भल्या माणसांकडे बोट दाखवून आम्हांला सांगितले, त्यांच्यासारखे व्हा. ते सांगणे अजून पुरे झालेले नाही. जोपर्यंत आमच्या राज्यातला एकही माणूस कुणाच्या वहीत नुसता आकडा म्हणून जगतो आहे, तोपर्यंत आम्हांला स्वस्थ झोप देऊ नकोस. आम्हांला लिहिते ठेव, आणि लिहून झाले की जागेवरून उठवून त्याच्या दाराशी ने.